न पाहिलेल्या जमिनीची मालकीण

प्रिय चाची,

परवा तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले, तुमचा चाळीसावा झाला, आणि काल एका अनोळखी बाईनं मला तुमच्याबद्दल विचारलं. म्हणजे तुमचं नाव तिला ठाऊक नव्हतं! मुन्सफ कोर्टात नव्यानं आलेल्या कारकुनाची ती बायको. मी तिला भाड्याचं घर दाखवत होते. चुलीचा धूर कुठून निघेल, उन्हाळ्यात दुपारी कोणत्या खोलीत बसता येईल, असं सांगत होते. ती थबकून म्हणाली, "हे काम तुम्हाला कोणी शिकवलं हो?"

तिला तुमचं नाव सांगितलं. घरी येताना वाटलं, तुम्हाला मात्र हे कधीच सांगितलं नाही. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, म्हणून दिवसाउजेडीच लिहायला बसले आहे. तुम्ही अकोल्याला लेकीकडे गेलात, आजारी पडलात, आणि मला साधा निरोपही नाही! असं काहून केलंत, चाची?

मी पहिल्यांदा तुमच्या दाराशी आले, तेव्हा केनवडहून वाशीमला सून होऊन आलेली माळीण होते. डोक्यावर वांग्यांची न् मेथीची टोपली. तुम्ही गोषातल्या. पडद्याआडून हात आला, त्यानं मेथीची जुडी चाचपली, आणि भाव करायचा सोडून तुम्ही भलतंच विचारलंत.

"तुले त साऱ्याइच्या सैपाकघरापर्यंत जाता येते. कोनाचं घर रिकामं हाय, सांग मले."

मी सांगितलं. त्या घरात तुम्ही एका मास्तरांचं बिऱ्हाड बसवून दिलंत. मग आणखी कोणाचं. हळूहळू बाया माझ्याकडे भाजीपेक्षा घरांचीच चौकशी जास्त करू लागल्या.

आणि मग तुमचं ते बोलणं! "स्टेशनकडं माझी जमीन हाय. आमच्या मालकानं, खाँसाहेबानं, माझ्या नावानं केली. मी कधी पायली नाही. तू पाहून ये."

स्वतःची जमीन, आणि पाहिलेलीच नाही? मी जाऊन आले. म्हटलं, "मोठी हाय, चांगली हाय."

तुम्ही हसलात. "मोठी त मले बी मालूम हाय. सकाळचं ऊन कोन्या बाजूनं येते? इहिरीचं पानी पिऊन पायलं का? आगगाडी गेली त जमीन हालते का? बाजूच्या बाया भांडखोर त नाहीत?"

पुन्हा गेले. पाणी प्यायले, गाडीची वाट पाहत उभी राहिले, शेजारणींशी गप्पा मारल्या. तोवर मला जमीन म्हणजे पेरायची, एवढंच कळत होतं. तिथं माणसं कशी नांदतील, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही जमिनीचे तुकडे पाडायचं ठरवलंत आणि सौद्याचं काम मला दिलंत. बाजारात लोक हसले. तुमचा पुतण्या तर धुमसतच होता. पहिलं गिऱ्हाईक आलं ते कापसाची सरकी काढायच्या एका जिनचे शेटजी. सगळी जमीन एकदम घ्यायला तयार! माझ्याकडे एक नजर टाकून ते पुतण्याला म्हणाले, "भाजीवालीशी मी काय बोलू? तुम्हीच बोला."

पुतण्या पुढे सरकला. मी उठून टोपली उचलली. तेवढ्यात पडद्याआडून तुमचा आवाज आला.

"रुखमा, बस खाली. शेटजी, जमिनीची बात रुखमाशीच होईल. नाही त होनार नाही."

शेटजी निघून गेले. पावसाळा गेला, हिवाळा गेला, एकही तुकडा विकला गेला नाही. पुतण्यानं तुमच्याशी बोलणं सोडलं. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "चाची, माझ्यासाठी काहून एवढं केलं?"

"तुझ्यासाठी?" तुम्ही म्हणालात. "अवं, तुले उठू देलं असतं त जमीन नावालेच माझी राह्यली असती. मले बाहेर येता येत नाही, म्हनून तुले बसवलं."

मला वाईट वाटायला हवं होतं का? उलट हायसं वाटलं. उपकाराचं ओझं घेऊन मला गावभर फिरता आलं नसतं. तुम्हाला माझी गरज होती, म्हणून ताठ मानेनं फिरले. उन्हाळ्यात एका गवंड्यानं पहिला तुकडा घेतला, मग त्याच्या मेहुण्यानं. तिथून माझी भाजीची टोपली सुटली ती सुटलीच.

घरं उभी राहण्याआधी एकदा तरी बघा, असा हट्ट मी धरला. पडदा बांधलेल्या छकड्यातून तुम्हाला पहाटे नेलं. तुम्ही अनवाणी उतरलात. मान वर करून पाहिलंत. मग म्हणालात, "रुखमा, तुले एवढं इचारलं. आभाळाचं इचारायचं राह्यूनच गेलं!"

काय चाललं होतं तेव्हा तुमच्या मनात? जमीन सांगितल्यासारखीच निघाली की वेगळी? ती विकायचं मन तरी होत होतं का? परतताना विचारायचं धाडस झालं नाही. आता कोणाला विचारू?

सध्या एक लाकडाचा व्यापारी माझ्यामार्फत घर घेतो आहे. बायकोला ते दाखवायची त्याला गरज वाटत नाही. मी सांगून टाकलं, "तुमची बाई पाहून गेल्याबगर सौदा नाही." फणफणत गेला. परत आला तर त्याला हेच सांगेन, नाही आला तर पुढच्याला. ज्या घरात जिला राहायचं आहे, तिनं ते आधी आपल्या डोळ्यांनी पाहायचं. माझ्या हातून होणारा प्रत्येक सौदा असाच होईल. हा माझा शब्द, चाची.

तुमचीच,
रुखमा