बाबांचा आकडा

गिरीज, रविवार

प्रिय संकेत,

पत्र बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि मला बोलायचं असतं ते राहून जातं, म्हणून लिहिते. बाबांच्या वर्षश्राद्धाला बडोद्याहून सुट्टी मिळत नाही, असं तू परवा सांगितलंस. पान ठेवायला मुलगाच नाही म्हणजे काय, म्हणून जितेंद्रकाका चिडलेत. मी चिडलेले नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते, आधी इकडचं सांगते.

तुझ्या पुढच्या वर्गातली जेनिफर आठवते ना? ती आता एका संस्थेत आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना ती सोडायची इच्छा किती आहे, हे मोजायचं तिचं काम. इच्छा कशी मोजतात गं, असं मी विचारलं तर म्हणाली, "बघायलाच चला काकी, घरात बसून तरी काय करताय?" म्हणून गेले. तिच्याकडे फूटपट्टीसारखी एक पट्टी असते, शून्यापासून दहापर्यंत. माणसाने आपल्या इच्छेवर बोट ठेवायचं, एवढंच. मला हसू आलं. ताप बघायला थर्मामीटर लागतो, दुधाला माप लागतं. इथे ज्याचं मोजायचं, माप त्याच्याच हातात.

पहिल्यांदा पाचूबंदरला गेलो. बाबांचा मित्र धर्मा जाळं शिवत बसला होता, तोंडात बिडी. पट्टी बघितली आणि लगेच नऊवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता जेनिफर म्हणणार, मग ओढता कशाला? तिने उलटंच विचारलं, "नऊ का? तीन का नाही?" धर्मा गडबडला. "आता गं बाय, सगली विचारतात एवडी कशाला वडतोस, तू भलतंच विचारतेस." मग सुई जाळ्यात खोचून म्हणाला, "नातू मांडीवर बसत नाय. बोलतो, आजोबा, वास येतो." ते ऐकून त्याची बायको घरातून ओरडली, "मी तीस वर्सं तेच बोलते, ते नाय ऐकू आलं!" मग जेनिफरने दुसरा प्रश्न विचारला, सोडायचं ठरवलंत तर जमेल असा भरवसा किती? याच पट्टीवर दाखवा. धर्माचं बोट नऊवरून मागे मागे येत दोनवर थांबलं. "पानी सुटतं गं तोंडाला," म्हणाला.

येताना रिक्षात मी तोच विचार करत होते. इच्छा एक आणि भरवसा दुसरा, हे आपण कधी वेगळं धरतच नाही. "मनात असतं तर सोडली असती," हे मीच बाबांना किती वेळा ऐकवलं असेल. जेनिफरने मला सहज विचारलं, "काकी, काकांचा आकडा किती असता?" मी विचारही न करता शून्य म्हटलं.

घरी आले आणि ते शून्य मला पटेना. तू लहान असताना बाबा ओढायला खाडीच्या बांधापर्यंत चालत जायचे, भर उन्हातसुद्धा. आल्यावर वेलची चघळत ओट्यावर बसायचे, वास जाईपर्यंत तुला उचलायचे नाहीत. शेवटी शेवटी सिगारेट मोडून अर्धीच ओढायचे आणि उरलेली खिडकीच्या गजामागे ठेवायचे. मी त्याला कंजुषी म्हणायचे. शून्य असलेला माणूस असं करेल का? मग किती? तीन? पाच? आता त्यांना विचारता येत नाही. रोज केळीला पाणी सोडते तेव्हा हाच विचार असतो. कधी चार वाटतात, कधी सहा. वेड्यासारखं आहे, पण त्यांचं काहीतरी नवीन कळतंय असं वाटतं आणि तेवढा वेळ बरा जातो.

आता दुसरी गोष्ट. गेल्या आठवड्यात गच्चीवर पापड घातले. कावळे येऊ नयेत म्हणून बाबांची काळी छत्री उघडून मधे ठेवली. दुपारभर एकही कावळा फिरकला नाही, समोरच्या माडावर बसून नुसते बघत होते. संध्याकाळी मी छत्री मिटली आणि वळते तर एकाने पापड पळवलासुद्धा. मी तिथेच उभी राहिले. मला दहावा आठवला.

तळ्याकाठी पान ठेवलं होतं. कावळा शिवत नव्हता. जितेंद्रकाकांनी सिगारेट पेटवून पानाच्या कडेला ठेवली, तरी नाही. "वाडी विकणार नाही," "वहिनीला अंतर देणार नाही," "संकेतचं लग्न यंदाच लावतो," सगळं बोलून झालं. तू भटजींच्या डोक्यावर हीच छत्री धरून पानाजवळ उभा होतास. मग तू पुढे झालास, छत्री मिटून खाली ठेवलीस, हात जोडलेस आणि म्हणालास, "बाबा, मी सिगारेट सोडतो." कावळा झपकन आला. सगळे रडले. तू ओढतोस हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं, आणि रडता रडता मी तुझ्याकडे बघतच राहिले.

दिवाळीत आलास तेव्हा रेंज मिळत नाही म्हणून केळीत गेलास आणि परत आलास तो वेलची चघळत. मी ओळखलं. नंतर तू संक्रांतीला आला नाहीस, होळीला आला नाहीस आणि आता सुट्टी नाही. बाबांच्या पानासमोर दिलेला शब्द मोडला, आता त्या पानासमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं, असंच ना? संकेत, बाबांना काय हवं होतं ते मला माहीत नाही. पण तो कावळा तुझ्या शब्दासाठी आला नव्हता, छत्री मिटली म्हणून आला. तू त्या दिवशी नऊ म्हणालास. तुझा भरवसा किती, हे आम्ही कोणी विचारलंच नाही, आणि तुला शब्दात अडकवून जेवायला बसलो. तो शब्द मी परत घेतला, असं समज. काकांना काय सांगायचं ते मी बघते. तू फक्त ये. पान तूच ठेवायचंस. त्यावर अर्धीच सिगारेट ठेवायची, असं मी ठरवलंय. नंतर आपण दोघं बांधावर जाऊन बसू. तेव्हा तुझे दोन्ही आकडे सांग. शून्य असले तरी चालतील, मला फक्त खरे हवेत. तुझ्या बाबतीत तरी मला अंदाज करत बसायचं नाही. आणि स्टेशनवर उतरल्यावर वेलची खाऊ नकोस.

वाट बघणारी, तुझीच
आई