आक्काचा खरा रंग

आप्पा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी स्थळाकडे पाठवायच्या आक्काच्या चित्राला तुम्ही कोणत्या पेस्टलच्या कांड्या वापरल्या होत्या ते मला अजून क्रमानं सांगता येतं. गुलाबी, फिकट पिवळी, वरून पांढरी. मी तेव्हा तेरा वर्षांची, तुमची धाकटी. आक्काच्या मनगटाशी एकेक कांडी धरून मी गेरू, विटकरी आणि सावलीसाठी शेवाळी अशा तीन निवडून दिल्या होत्या. तुम्ही त्या परत डब्यात टाकल्या. "बरोबर हाईत गं, पण ह्या रंगाला निपाणीत कोण सून करून घेतंय?" आक्का समोरच बसली होती. मान हलवू नको, एवढंच तुम्ही तिला म्हणालात.

सासूनं चित्र बघूनच होकार कळवला. सून पाहिली ती लग्नात. वर्षभरात तुम्ही गेलात, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. चित्र सासरच्या बाहेरच्या सोप्यात टांगलेलं. पाहुणे आले की सासू हाक मारते, "ये गं, हुबी ऱ्हा तिच्या खाली. बघू दे पावण्यास्नी, मागितली कुठली नि दिली कुठली." पाहुणे हसतात. आक्का चहा देते.

या उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "तू मुंबैला शिकलीस न्हवं? मला माझ्यासारखी कर. म्हंजे सुटले मी." मी चित्रावरची काच काढली, राठ ब्रशनं तुमची गुलाबी पूड झाडून टाकली. युद्धामुळे विलायती पेस्टल मिळत नाहीत. उरल्यासुरल्या तुकड्यांवर भागवलं. तैलरंगासारखं पेस्टल कालवता येत नाही, रेघेवर रेघ चढवावी लागते. गालाला गेरू, हनुवटीखाली शेवाळी, डोळ्यांखाली जांभळट तपकिरी. बारा वर्षांत तिच्या चेहऱ्यावर जमलेलं सगळं कागदावर उतरलं. सासूनं निरखून पाहिलं. "व्हय, आता खरी दिसतीया," म्हणाली, आणि चित्र काढून माळ्यावर टाकायला लावलं.

आक्का चुलीपुढं बसली होती. "भिंतीवर तरी मी गोरी व्हते गं," ती म्हणाली. "आता ह्या घरात चांगली अशी कुणीच न्हाय मी."

डोळ्यांखाली एक छटा उजळ चालली असती. ती कांडी मी उचलली होती आणि ठेवून दिली. त्या वेळी मी आक्काकडे बघत नव्हते; तुमचं खोटं उघडं पाडत होते. हे तिला सांगायला हवं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुमच्यापर्यंत ते पोहोचणार नाही.