आतषबाजीत घोरलेला सरदार

प्रिय ताई,

सरदार घोरला. बाहेर आकाश फाटत होतं आणि वाटी पडली तरी पलंगाखाली घुसणारा तुझा हा कुत्रा माझ्या मांडीवर तोंड टाकून चक्क घोरला. पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर माझी गाडी नेहमीसारखी भलतीकडे जाईल.

परवा संध्याकाळी समोरच्या मैदानावर फुटबॉलचा अंतिम सामना होता. आपला संघ जिंकला की फटाके, हे तुला गेल्या वर्षापासून चांगलंच ठाऊक आहे. तेव्हा सरदार पळाला आणि दोन दिवसांनी पुलाखाली सापडला, पंजा फाटलेला. म्हणून तर नोकरीच्या गावी जाताना तू बजावलंस, चार महिने सांभाळ, मग शेतावरचं ते जोडपं येऊन त्याला घेऊन जाईल, तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही. राग नाही. वर्षात सहा नोकऱ्या सोडणाऱ्याला माणूस दुसरं काय म्हणणार?

मी आधी फोनवर फटाक्यांचा आवाज लावायला लागलो. सुरुवातीला अगदी बारीक, सोबत उकडलेल्या चिकनचा तुकडा, मग रोज थोडा मोठा. तीन आठवड्यांत साहेब इतके तयार झाले की मी खिशातून फोन काढला की लाळ गाळत समोर हजर. मी खूश. आणि एका दुपारी रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. साहेब थेट न्हाणीघरात, दोन तास बाहेर नाहीत. तो फोनला सरावला होता, धमाक्याला नाही. मी ज्यांच्या लाँड्रीत इस्त्री करतो आणि वरच्या खोलीत राहतो, त्या मालकीणबाई म्हणाल्या, अरे गाढवा, फोननं कधी फरशी हादरते का?

त्यांच्याकडे दर बुधवारी मैदानावरच्या खेळाडूंचे बूट धुवायला येतात. (एकदा एका बुटातून कुणाचा तरी दात निघाला, ती गोष्ट वेगळी.) ओले बूट ड्रायरमध्ये फिरायला लागले की अख्खी लाँड्री धडधडते, पायाखालची फरशीसुद्धा. बाईंनी सुरुवात एका बुटापासून केली, तोही टॉवेलात गुंडाळून. सरदार लांब दाराशी, शेजारी मी आणि चिकन. घाबरला की त्या दिवशी तिथंच थांबायचं. मग टॉवेल काढला. मग दोन बूट, मग चार. मी कपाटात गादी घालून त्याच्यासाठी महाल थाटला होता, तो त्यानं हुंगलासुद्धा नाही. इस्त्रीच्या टेबलाखालचा कोपरा त्याचा त्यानंच निवडला.

आता मध्येच एक सांगतो, नाहीतर राहून जाईल. गेल्या वर्षी कडी सैल होती म्हणालो, ते खोटं. मी फटाके बघायला गच्चीवर पळालो आणि दार सताड उघडं टाकलं. तू सुताराला बोलावून ती चांगली कडी बदललीस, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. उलट शेजारी स्क्रू धरून उभा राहिलो.

परवा दुपारीच सरदारला दमेपर्यंत फिरवून आणला. गळ्यातल्या पट्ट्यावर माझा नंबर नीट आहे ना बघितला. लाँड्रीच्या दोन्ही दारांना कुलूप, काचांवर जाड चादरी, म्हणजे उजेडही आत येऊ नये. बाईंनी चारही ड्रायरमध्ये बूट भरून ते सुरू केले. सामना बरोबरीत अडकलेला. खरं सांगू, आपण हरावं म्हणून मी देव पाण्यात घातले होते, हे कुठं बोलू नकोस. आणि शेवटच्या मिनिटाला गोल झाला. पहिल्या धमाक्याला सरदार ताडकन उठला. कान मागे, शेपूट पायांत. ड्रायर जणू माझ्या छातीतच फिरायला लागला. त्याला आवळून धरलं नाही, नुसता फरशीवर शेजारी बसून राहिलो. दुसरा धमाका. त्यानं ड्रायरकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, की आवाज झालाय, चिकन कुठंय? दिलं. पाचव्याला शेपूट हलली. विसाव्याच्या आसपास तो आडवा झाला. बाई म्हणाल्या, कुत्रा घोरतोय आणि तू नखं खातोयस, पुढच्या वर्षी तुलाच टेबलाखाली घालू.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू बरं, बघू म्हणतेस आणि मी विषय बदलतो. ते जोडपं रविवारी येतंय. त्यांना येऊ नका म्हणून कळव. सरदार माझ्याकडे राहू दे. माझ्याच्यानं होतंय, ताई. काल मी खोलीचा वर्षाचा करार केला. खरंच अख्खं वर्ष ना, असं बाईंनी दोनदा विचारलं. ‘राहणार कोण’ या रकान्यात मी माझं नाव लिहून थांबलो, तुझ्या होकारासाठी. बाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पुढं स्वतःच लिहिलं, ‘आणि सरदार’. आता तू नाही म्हणालीस तर ते खोडावं लागेल, आणि बाईंना कागदावर खाडाखोड अजिबात खपत नाही.

तुझाच,
यंदा याच पत्त्यावर सापडणारा
धाकटा