बाकावरची जागा

सुबोध,

हे पत्र तुला पाठवणार नाही. पाठवलं तर 'सॉरी ताई' एवढं लिहून मोकळा होशील.

काल दुपारी फोन उरकायचा म्हणून तू पुण्यात बसून बाबांना म्हणालास, "हो हो, पवई तलावावर भेटू." त्यांना कुठे काय लक्षात राहतंय, असंच वाटलं ना तुला? हे बरं लक्षात राहिलं! मी आंघोळीला गेले आणि ते मे महिन्याच्या भर उन्हात भांडुपहून चालत निघाले.

मीही त्यांना शोधत चालत सुटले. गांधीनगरच्या सिग्नलजवळ उसाचा रसवाला म्हणाला, "आजोबा पुढे गेले, पायात चप्पल पण नव्हती." तिथून तलावापर्यंत मी तुला शिव्या घालत पळाले.

बाकावर बसले होते. तळव्यांना फोड आले होते. दोन्ही हातांत बर्फाचे गोळे, आणि तुझा कालाखट्टा वितळून पार कोपरापर्यंत ओघळलेला. मी रडत शेजारी टेकले, तर माझ्याकडे अनोळखी नजरेने बघत म्हणाले, "बाई, जरा सरका. इथे माझा मुलगा बसणार आहे."

आणि मी सरकले रे.

मालनताई