दोन बोंबील, एक श्वास

उत्तन, १४ मार्च १९७४

प्रिय बस्त्यावदादा,

कुवेतहून आलेलं तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा डोकं फिरलं, म्हणून लगेच लिहायला बसलेय. बाप्तिस्मा झालेली बाई साधूसारखी डोळे मिटून बसते, रेजिनाने धर्म सोडला, असं तुला शेजारच्या दुमगीमावशीने कळवलं ना? कळवू दे. मी बसते. रोज बसते!

तुला ठाऊक आहे, आमच्या इनासची होडी तीन दिवस बेपत्ता होती. नवरा परत आला, माझा जीव मात्र थाऱ्यावर आला नाही. होडी निघाली की छातीत धडधड, हातपाय गार. भाईंदरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, तर मी भर उन्हात वाळवणीवर पेंगायला लागले. शेवटी आपल्या फादरांनीच शिकवलं. श्वास घेताना 'येशू', सोडताना 'दया कर'. मन भरकटलं तर स्वतःला न कोसता पुन्हा श्वासाकडे यायचं. बस्स, एवढंच. सकाळी ओट्यावर थोडी बसते, पण मला जास्त सवड कुठली? मग बोंबील वाळत घालतानाही सुरू केलं. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवताना 'येशू', जोडी दोरीवर टाकताना 'दया कर'. मावशीला वाटलं, मी मासळीवर मंतर घालतेय! त्यात तिच्या बोंबलांत अळ्या पडल्या नि माझे छान खडखडीत वाळले. झालं, गावभर बोभाटा.

भीती पळून गेली नाही, दादा, खोटं कशाला सांगू? येते, थांबते, निघून जाते. मी तिच्यामागे फरपटत जात नाही, इतकंच. येशूचं नाव घ्यायला तुझी परवानगी लागणार असेल, तर मला ती नकोच.

आता खरं सांगते. कार्मेलीनने माझा उंबरा ओलांडू नये, असं तू लिहिलंस. पोस्टमन ते पत्र घेऊन आला तेव्हा तुझी बायको माझ्याच ओट्यावर, माझ्याशेजारी डोळे मिटून बसली होती. तुमचं बाळ गेलं तेव्हा रडू नकोस, देवाची इच्छा, असं तू तिला कळवलंस. चार महिने ती बिचारी रडली नाही, धड जेवली नाही, आणि तुला 'मी बरी आहे' लिहीत राहिली. परवा श्वास सोडता सोडता तिला हुंदका फुटला. तासभर रडली, मग चार घास भात खाल्ला. मी तिला उठवणार नाही. तुला उठवायचं असेल तर स्वतः ये, आणि आलास की आधी तिच्याजवळ बसून तुझ्या बाळासाठी रड.

तुझीच बहीण,
रेजिना