चौकटीवरच्या सात खाचा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतात तशा: दारं एकतीस, त्यांतली नऊ दुपाखी, म्हणजे दोन झडपांची. देव्हारे सहा. खिडक्या मोजलेल्या नाहीत. एक पाळणा, तो रिकामाच राहिला, शेवटी शेजाऱ्यांना दिला. ताराला नारळ खोवायची आदोळी, फणसाची, बसायला नेहमीपेक्षा चार बोटं रुंद, कारण ती मांडी घालून बसायची. आणि ही वही ठेवतो ती पेटी. तिला एकही खिळा नाही. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. डिचोलीच्या खाणीवर बारा वर्षं ट्रक चालवला. खाण बंद पडली त्या वर्षी पहिली पटाशी विकत घेतली, तेव्हा वय चौतीस. तारा लोकांना सांगायची, आमच्या ह्यांनी सुतारकी खांबाकडून शिकून घेतली. खांब बोलत नाही म्हणून भांडण झालं नाही.

आज चिंचमळला कामावर आलो. धारगळच्या हमरस्त्यावरून आत वळलं की पहिले दोन मैल अजून शेतं आहेत, मग एकदम चिऱ्यांच्या उंच भिंती सुरू होतात. प्रत्येक भिंतीआड एक बंगला, प्रत्येक बंगल्याला निळा तलाव. विमानतळ जवळ आला आणि इथल्या जमिनीला सोन्याचा भाव आला, असं गेटवरच्या श्रीनाथने सांगितलं. तो बेळगावकडचा, तोंडाचा मोकळा. मालकीण सेजल मॅडम मुंबईला असतात, पंधरा दिवसांनी येतात. मला मागच्या अंगाला खोली दिली आहे. खिडकी उत्तरेला, म्हणजे उजेड सारखा. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून गरम उंडे देऊन जातो. काम तीन महिन्यांचं: आधी एक जुनं दार दुरुस्त करून पुढे बसवायचं, मग कपाटं.

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. तारा असती तर आजचा दिवस तिला सांगितला असता, आणि सगळं ऐकून ती म्हणाली असती, "आनी?" मी काहीतरी मागे ठेवतो हे तिला नेहमी कळायचं.

८ फेब्रुवारी

दार याच जागेवरच्या मोडलेल्या घराचं आहे. उंची सहा फूट एक इंच, रुंदी तीन फूट साडेचार. पाखे सागाचे, चौकट फणसाची, शंभर वर्षांत कुठे वाकलेली नाही. ज्याने केलं त्याला मी ओळखत नाही, पण त्याचा हात ओळखतो.

एकच खोट. आतल्या बाजूला, डाव्या उभ्या खांबावर, एकाखाली एक अशा सात खाचा. बोटभर रुंद, कोयत्याने मारलेल्या, वेड्यावाकड्या. अशी वस्तू माझ्या हातून पुढे गेलेली मला चालत नाही. त्याच फणसाच्या जुन्या तुकड्यातून सात चिपा काढल्या, रेषा रेषेला जुळवली, सरसाने बसवल्या, रंधा मारला, वर लाखेचं पॉलिश. दोन दिवस गेले. आता ती जागा शोधायची तर मलाच हात फिरवून बघावं लागेल.

मॅडम म्हणाल्या, एवढं नको होतं, जुनं दिसलं असतं तर चाललं असतं. मी त्यांना सांगितलं की जुनं वेगळं आणि मोडकं वेगळं. त्या हसल्या. विचारलं, एवढा हात असून कुठल्या मोठ्या कारखान्यात का नाही गेलात? म्हटलं, सुतारकीत मी कोणाच्या हाताखाली एक दिवस काढलेला नाही. एकदा एकाने विचारलं होतं. ते असो.

१३ फेब्रुवारी

काल दार उभं केलं. बांधणाऱ्यांनी नव्या घराचं तोंड नेमकं जुन्याच जागी ठेवलं आहे. दोन्ही पाखे एका बोटाने फिरतात, आवाज नाही. मॅडम मुंबईला गेल्या.

दुपारी साडेबाराला कडी वाजली. मी आतून उघडलं. कोणी नव्हतं. उंबरठ्यावर एक ओलं पाऊल होतं, आणि बोटीच्या इंजिनाला येतो तसला तेलाचा वास. माळी पाणी घालून गेला असेल असं समजून पुसलं.

१६ फेब्रुवारी

रोज साडेबाराला. काल एक बाई आली असावी, कारण काकणं वाजली. आज कोणीतरी दारात उभं राहून लाल माती झाडली. ती माती मी ओळखतो, बारा वर्षं माझ्या नाकात होती, खाणीची आहे. मी झाडू मारतो आणि कामाला लागतो. कपाटाच्या फळ्या आल्या आहेत. चांगल्या आहेत.

पण आत आलेला बाहेर जाताना ऐकू येत नाही. पावलं दारातून सरळ मागे जातात, तलावाच्या काठाशी थांबतात, तिथेच राहतात.

२० फेब्रुवारी

श्रीनाथ काम सोडून गेला. भर दुपारी मला हाताला धरून तलावाकडे घेऊन आला. म्हणाला, "मिस्त्री, पान्यात बगा, मान्सं हाईत. आता काठावर बगा." पाण्यात सात माणसं उभी होती, उलटी, स्पष्ट. काठावर एकही नाही. "पगार मागनं घीन," म्हणाला, आणि चपला हातात घेऊन गेला. बाकी वेळेला केवढा थट्टेखोर माणूस.

२१ फेब्रुवारी

आज कळलं. लिहून ठेवतो, नीट, क्रमाने.

धारगळहून पांडुरंगबाब रोज सकाळी इथवर चालत येतात. वय ब्याऐंशी. राहतात मुलाच्या फ्लॅटमध्ये, पण फिरायला इथेच, कारण हे त्यांचं घर होतं. इथे अकरा घरांचा वाडा होता, सगळे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर करून राहिलेले मुंडकार, काजूच्या बागेत राबणारे. एकेक घर सुटलं, विकलं, मोडलं. आज गेट उघडं दिसलं तसे ते आत आले, दाराशी गेले, आणि डोळे मिटून डाव्या खांबावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग मला विचारलं, "मेस्ता, खांचो खंय गेल्यो?"

मी छाती काढून सांगितलं, खाचा मी भरल्या, बघा सापडतात का.

ते सोप्यावर बसले. म्हणाले, "व्हडलो कारागीर मरे तूं!" मोठा कारागीर म्हणाले खरं, पण सूर कौतुकाचा नव्हता.

त्यांच्या वाड्याची रीत अशी. घरातलं माणूस लांब गेलं, बोटीवर, मुंबईला, खाणीवर, की आतल्या बाजूला एक खाच मारायची. माणूस परत आलं की खाच भरायची. ज्यांच्या खाचा भरल्या नाहीत ती माणसं आलीच नाहीत. पांडुरंगबाबांचा थोरला भाऊ गोकुळदास बाविसाव्या वर्षी बोटीवर गेला, ती पहिली खाच. आत्या मुंबईला कामाला गेली, तिचं पत्र दोनदा आलं. वडील खाणीत. अशी सात. मी भरल्या म्हणजे दाराला सांगितलं की सगळी घरी आली. आणि ती आली.

दुसरी रीत. आलेल्या माणसाने उंबरठ्याबाहेर थांबायचं. आतल्याने दार न उघडता त्याला मागची सगळी खबर सांगायची: कोण गेलं, कोण जन्मलं, काय विकलं. सगळी ऐकून झाली की आलेला स्वतः कडी काढून आत येतो. या सातांना कोणी काही सांगितलंच नाही. उलट मी दार उघडून दिलं. म्हणून ती चूल शोधत मागे जातात. जिथे त्यांची चूल होती तिथे आता तलाव आहे.

मी विचारलं, खबर सांगताना काही राहिलं तर? म्हणाले, विसरलं तर चालतं. लपवलं तर नाही. मग येणारा येत नाही, सांगणाऱ्यालाच बाहेर जावं लागतं.

उद्या खाचा परत मारून द्यायच्या, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

२२ फेब्रुवारी

पांडुरंगबाब म्हणाले, एक तास थांब. काठावर खुर्ची ठेवून दिली. साडेबाराला ते पाण्यात बघत बसले. नंतर म्हणाले की गोकुळदास अजून बाविसाचाच आहे, मिशी नुकती फुटलेली. म्हणाले, मी हात वर केला, त्याने बघितलं आणि बाजूला सरकला. म्हाताऱ्या माणसाला वाट देतात तसा. "वळखूंक ना माका."

मग मी पटाशीने सात खाचा मारल्या. हे हात असं काम कधी करतील वाटलं नव्हतं. सातवी मारली तसं पाणी सपाट झालं. म्हातारा खांबाला कपाळ टेकून रडला. त्याचा भाऊ दुसऱ्यांदा गेला होता.

त्यांना रिक्षात बसवून आलो. पटाशी हातातच होती.

आमचं घर दोडामार्गाकडे. तारा काजूच्या कारखान्यात जायची, नदीपलीकडे इब्रामपूरच्या बाजूला. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची टोकं काळी झाली होती, कशानेही निघायची नाहीत. साडेतीन वर्षांपूर्वी, आषाढात, कॉजवेवरून पाणी जात असताना ती घरी यायला निघाली. मी अकरा दिवस नदीच्या काठाने कोलवाळपर्यंत शोधलं. मिळाली नाही. जे मिळालं नाही त्याचं काही करता येत नाही. तिचं तेरावं मी केलेलं नाही.

आठवी खाच मारली. सातांपासून दूर, उजव्या खांबावर. नीट चौकोनी. आणि लगेच भरली.

२५ फेब्रुवारी

आली.

साडेबाराला कडी हलली, पण दार मी उघडलं नाही. बाहेरून काजूच्या तेलाचा वास, जळका, तिखट. ती गेल्यावर बाहेरच्या बाजूने बघितलं. पॉलिशवर पाच काळी बोटं. उंबरठ्यापासून चार फूट दोन इंच. तारा दारावर हात ठेवायची ती उंची मला मोजायची गरज नव्हती. तरी मोजली. पुसली नाहीत.

२७ फेब्रुवारी

खबर सांगितली. तुझी आई गेली, शेवटी तुझंच नाव घेत होती. मागचा फणस वाऱ्याने पडला. शेजारच्या पूजाचं लग्न झालं, आपला पाळणा तिच्याकडे आहे, भरलेला. आदोळी मी कोणाला वापरू देत नाही.

कडी अर्धी वर झाली. थांबली.

बाहेरून तिचा आवाज. "आनी?"

कडी खाली पडली.

२ मार्च

चार दिवस. रोज आठवून आठवून सांगतो. गाय विकली. दोन दात पडले. मी जेवताना अजून दोन ताटं घेतो. मंदिराच्या खांबाचं काम करताना मोजणीत चुकलो, आयुष्यात पहिल्यांदा, आणि कोणाला कळलं नाही — हेसुद्धा सांगितलं.

कडी अर्धी. "आनी?"

काय सांगायचं राहिलं ते मला माहीत आहे. ते सोडून सगळं सांगतो आहे.

५ मार्च

आज सकाळी उजव्या खांबावर नवी खाच. तिच्या भरलेल्या जागेखाली. मी मारलेली नाही. घाव बघितला: पाऊण इंची पटाशी, डाव्या कोपऱ्याला दात पडलेली — माझी पटाशी. पण हत्यारांच्या पेटीला कुलूप होतं.

भरली. संध्याकाळी पुन्हा तिथेच. थोडी खोल.

६ मार्च

पोदेर आला. मी फाटकात उभा, हात पुढे. तो माझ्यातून पलीकडे बघत घंटा वाजवून गेला. उंडे दिले नाहीत.

फोनवर मॅडम. मी बोलतो, त्या हॅलो हॅलो करतात.

८ मार्च

पांडुरंगबाब आले. माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून हाका मारत होते. मेस्ता, रे मेस्ता. मी ओ देत होतो. त्यांचा हात खांबावरून फिरला, नव्या खाचेवर थांबला. त्यांनी टोपी काढली.

तलावात बघितलं. पाण्यात एकच माणूस. काठावर —

९ मार्च

बाराला पाच कमी आहेत. तोंडातून निघत नाही. रोज जिभेवर येतं आणि मी गायीचं सांगतो. म्हणून लिहितो आहे. हे पान दाराखालून तुझ्याकडे सरकवीन. खालची फट पाव इंच आहे, कागद जाईल.

आज वेळेआधीच आलीस. वास येतो आहे.

तारा. तू विचारायचीस, तुमच्या हाताला कोणी विचारत कसं नाही. मी म्हणायचो, नाही विचारत. खोटं. तू काजूला जायला लागलीस त्याच्या दोन महिने आधी म्हापशाचा एक कारखानदार घरी आला होता. तू विहिरीवर होतीस. चहासुद्धा दिला नाही मी त्याला. कायमची नोकरी. राहायला दोन खोल्या. एका शिकलेल्या पोराच्या हाताखाली, आणि माझ्या कामावर शिक्का त्यांचा. एवढ्यासाठी. शिक्क्यासाठी. तुला नदी ओलांडायला लागलीच नसती — एक दिवस नाही —

कडी वर होते आहे. अर्धी. थांबली नाही

सांगतो, आकडासुद्धा सांगतो, काही ठेवत नाही. महिना बेचाळीस हजार रुपये, तारा. बेचाळीस हजार देत होता, आणि मी त्याला नाही म्ह