बाबांच्या गाडीचे दोन कार्बोरेटर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (हात ग्रीसनं माखलेत, म्हणून लांबूनच). तुझी तब्येत ठणठणीत असणारच. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, रविवारी माझ्या गाडीतून घरी परत जाताना खुशाल पाय लांब करून बसा. पुढची सीट मी चांगली वीतभर मागं घेतली आहे.

होय ताई, बाबांची गाडी तयार आहे! गेल्या वर्षी गॅरेजच्या दारात कमरेवर हात ठेवून तू काय म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. "एक वर्ष देते. माझ्या दारापर्यंत स्वतःच्या चाकांवर आली तर तुझी, नाहीतर भंगारात." गाडी दोघांच्या नावावर, तेव्हा तसं म्हणायचा तुला हक्क होता. पण "तुला साधा बल्ब बदलता येत नाही" हे भाऊजींसमोर म्हणायचं काही कारण नव्हतं. (बल्ब मी बदलला होता. होल्डर खराब होता.) तर त्याच माणसानं या वर्षात इंजिन उतरवलं, उघडलं, पुसलं, परत जोडलं, आणि शेवटी हातात उरले फक्त तीन बोल्ट. तीनच! शेजारचे टेलर तर बघतच राहिले. चार महिन्यांपूर्वी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडलो. बाबा असते तर बॉनेटवर थाप मारून शाबास म्हणाले असते. ती थाप कायम बॉनेटलाच मिळायची, मला कधी मिळाली नाही, पण या वेळी त्यातली अर्धी तरी माझी होती.

आणि नुसती दुरुस्ती नाही हं, मी गाडी सुधारली. सायलेन्सरचा पाइप जाड केला, चाकं रुंद बसवली, डॅशबोर्डसाठी जुन्या कपाटाचं दार कापलं. (ते कपाट तितकंसं जुनं नव्हतं, हे तुझ्या भावजयीला मंगळवारी कळलं. बुधवारपासून तिनं अबोला धरलाय. निदान माझ्या कानावर तरी काही आलेलं नाही.) मुख्य म्हणजे, बाबांच्या वेळी कार्बोरेटर एक होता, मी दोन बसवले. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला भरवणारं यंत्र. भाऊजींना विचारू नकोस, ते काहीतरी ठोकून देतील. दोन कार्बोरेटर म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा, दोघींनी सारखं काम केलं तरच घर चालतं. ते जुळवायची रीत अशी, की रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं आणि आतल्या हवेचा सूं सूं आवाज ऐकायचा. मग दुसऱ्याचा ऐकायचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. सगळे मेकॅनिक यासाठी एकच नळी वापरतात. मी म्हटलं, दुसरीचं ऐकेपर्यंत पहिली काय म्हणाली ते लक्षात कसं राहणार? म्हणून मी दोन नळ्या घेतल्या, डावी डाव्या कानात, उजवी उजव्या कानात, वरून डोक्याला इलॅस्टिकची पट्टी. दोघींचं गाऱ्हाणं एकाच वेळी! ही युक्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी आहे, कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

चार महिने मी असे आवाज जुळवतोय. तेवढी एक बारीकशी खोड राहिली आहे. गाडी उभ्या उभ्या थरथरते, धूर काळा येतो आणि उजवीकडचे दोन प्लग काजळी धरतात. स्प्रिंगा बदलल्या, पंप बदलला, पेट्रोलसुद्धा बदलून पाहिलं. (टेलरच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांबद्दल कुणी काही सांगितलं तर दोरी आमच्या बाजूला होती, एवढं ध्यानात ठेव.) बाकी गाडी अशी झाली आहे की तू ओळखणार नाहीस.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बल्ब बदलता येणारा भाऊ

ता. क. वर 'तयार' लिहिलं ते जरा घाईत लिहिलं. काल गाडी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, गचके खाल्ले आणि बंद पडली. मी आणि टेलर ढकलत घेऊन आलो. मग त्यांनी माझ्या डोक्याला नळ्या बांधून दिल्या, त्या चुकून उलट्या, डावी उजव्या कानात. मी नेहमीसारखे आवाज जुळवले. आज प्लग काढून बघतो तर डावीकडचे काळे आणि उजवीकडचे स्वच्छ! ताई, कार्बोरेटर काही आपसात जागा बदलत नाहीत. मग मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या कानाशी धरलं, तर बंद. डाव्या कानाशी धरलं, तर चालू.

आणखी एक. रविवारी येऊ नकोस, शनिवारीच ये. स्क्रू मी फिरवतो, नळी तू कानाला लाव. एकच नळी, एकच कान. दोन्ही आवाज सारखे झाले की नुसता हात वर कर. गाडी भंगारात गेलेली मला सहन व्हायची नाही, आणि हे तुझ्याशिवाय मी कुणाला सांगणार? तुझ्या भावजयीला मात्र यातलं अक्षरही कळता कामा नये.

वन्सं, नमस्कार. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. मला कळू नये म्हणून ह्यांनी हे पत्र गॅरेजचं दार लावून लिहिलं, पण प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणत लिहिलं. टेलरनी मशीन थांबवून सगळं ऐकलं. अबोला वगैरे काही नाही, मी बुधवारपासून रोज बोलतेच आहे. तुम्ही शनिवारी नक्की या, आणि भंगारवाल्याला सांगून ठेवलं असेल तर नको म्हणून कळवून टाका. सोमवारी अकरा वाजता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तीन वर्षं विनवतेय, रिक्षानं यायला हे तयार नाहीत. बाबांच्या गाडीतून गेले तरच जातील.